कानउघाडणीचं इंग्रजी

‘बाई मला रागावल्या.’ तिसरीतलं मूल घरी येऊन असं सांगतं तेव्हा त्या एका क्रियापदात दोन गोष्टी मावलेल्या असतात. बाईंना राग आला, आणि त्या रागाच्या भरात बाई काहीतरी बोलल्या. मराठीला या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायची गरज वाटत नाही. काही घरांत तर ‘आई मला बोलली’ एवढं म्हटलं तरी पुरतं. काय बोलली ते कुणी विचारत नाही. हेच वाक्य इंग्रजीत नेताना गाडी अडते. ‘टीचर बिकेम अँग्री’ म्हटलं की बाईंचा राग तेवढा कळतो. बाई बोलल्या, की नुसत्या डोळे वटारून बघत राहिल्या, ते कळत नाही.

त्यातच मराठीतला ‘वर’ आडवा येतो. आपण माणसावर रागावतो, माणसावर ओरडतो, म्हणून ‘अँग्री ऑन मी’ आणि ‘शाउटेड ऑन मी’ तोंडातून सहज निघतं. इंग्रजीत ओरडण्याला नेम लागतो, म्हणून तिथे ‘शाउटेड अ‍ॅट मी’. ‘अ‍ॅट’च्या जागी ‘टू’ आला की अर्थच पालटतो: ‘शाउटेड टू मी’ म्हणजे लांबून मला ऐकू यावं म्हणून हाक मारली. राग माणसावर असेल तर ‘अँग्री विथ’ किंवा ‘अ‍ॅट’, गोष्टीबद्दल असेल तर ‘अबाउट’. एवढी तीन शब्दयोगी नीट बसली तरी निम्म्या चुका सरतात.

उरलेल्या निम्म्या क्रियापदाच्या निवडीत असतात. इंग्रजी-मराठी कोश उघडला तर स्कोल्ड, रिब्यूक, रेप्रिमांड, अपब्रेड, बिरेट या सगळ्यांपुढे ‘रागे भरणे, खरडपट्टी काढणे, निर्भर्त्सना करणे’ अशी जवळजवळ एकच माळ दिसते. पाठांतराला ती सोपी आहे, पण या शब्दांची अदलाबदल चालत नाही. प्रत्येकात बोलणारा कोणत्या पायरीवर उभा आहे ते ठरलेलं आहे, आवाज किती चढला तेही ठरलेलं आहे. सर्वांत महत्त्वाचा फरक मात्र कोशात क्वचितच सापडतो: हे बोलणं हवेत विरणार आहे, की कुठेतरी कागदावर राहणार आहे? हा प्रश्न आधी विचारला तर बाकीची निवड पुष्कळ सोपी होते.

शाळेत पहिला शिकवला जातो तो ‘स्कोल्ड’. आज तो आईबाप, शिक्षक आणि कुत्रा पाळणारे यांचा शब्द आहे. वरून खाली जातो, लहानाला उद्देशून असतो, आवाज मध्यम, नोंद शून्य. त्याचा पूर्वेतिहास मात्र फार कडू आहे. हा शब्द बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्काल्ड’पासून आला, आणि स्काल्ड म्हणजे कवी. उत्तरेकडचे कवी बोचरी कवनं रचून माणसाची अब्रू घेत, त्यावरून हा अर्थ आला असावा असं मानतात. इंग्रजीत आल्यावर तो आधी नाम झाला. वाईट तोंडाचा माणूस म्हणजे ‘स्कोल्ड’, आणि हळूहळू माणूस गळून फक्त बाई उरली. इंग्लंडच्या कायद्यात ‘कॉमन स्कोल्ड’ हा गुन्हाच होता: शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडून सार्वजनिक शांतता बिघडवणारी स्त्री. कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोनने १७६९ साली नोंदवून ठेवलं आहे की कायद्याच्या लॅटिनमध्ये या गुन्हेगाराचं नाव स्त्रीलिंगीच आहे. पुरुषाने कितीही तोंड सोडलं तरी या कलमाखाली तो येतच नव्हता.

शिक्षा होती ‘डकिंग स्टूल’ची. लांब दांड्याच्या टोकाला खुर्ची, तिला बाई बांधायची, आणि दांडा खाली करून तिला तळ्यात किंवा नदीत बुडवून काढायचं. इंग्लंडमधल्या लेम्स्टर गावी १८०९ साली जेनी पाइप्स नावाच्या बाईला असं बुडवलं. ही त्या देशातली शेवटची नोंद समजली जाते. १८१७ साली त्याच गावात आणखी एकीला खुर्चीत बसवून नेलं होतं, पण पाणी फारच कमी निघालं म्हणून ती वाचली. ती खुर्ची आजही गावच्या चर्चमध्ये ठेवलेली आहे. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या काही भागांत याहून वाईट प्रकार होता: डोक्याभोवती लोखंडी सांगाडा, आणि जीभ दाबून धरणारी पट्टी. त्याचं नाव ‘स्कोल्ड्ज ब्राइडल’, भांडकुदळ बाईचा लगाम. अमेरिकेत वॉशिंग्टनला १८२९ साली अ‍ॅन रॉयल या साठीतल्या पत्रकार लेखिकेवर हाच आरोप सिद्ध झाला. पाण्यात बुडवण्याऐवजी तिला १० डॉलर दंड झाला. इंग्लंडच्या कायद्यातून हा गुन्हा काढून टाकायला १९६७ साल उजाडलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की शब्दाला आलेला वास सहजासहजी जात नाही. एखाद्या बाईच्या जाहीर टीकेला इंग्रजी बातमीत ‘स्कोल्डिंग’ म्हटलं की ती किरकिर करते आहे असा रंग चढतो. पुरुषाने केलेल्या तशाच टीकेला ‘क्रिटिसाइझ्ड’ लावलेलं आढळतं. भाषांतर करणाऱ्याने इथे थांबून बघायला हवं. मराठीतही ‘कजाग’ आणि ‘भांडकुदळ’ ही विशेषणं बाईलाच किती सहज लागतात, ते सांगायला नको.

मोठ्या माणसाने स्वतःबद्दल ‘स्कोल्ड’ वापरला की आणखी एक घोटाळा होतो. ‘माय मॅनेजर स्कोल्डेड मी’ हे व्याकरणाने शुद्ध आहे. पण लंडनमधल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या सहकाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याने अर्ध्या चड्डीतलं पोर उभं राहतं. मोठी माणसं मोठ्या माणसांना ‘स्कोल्ड’ करताना तिथे सहसा दिसत नाहीत. रागावणं तिथेही असतंच, फक्त ते सांगायची पद्धत निराळी. ब्रिटिश ऑफिसात साहेब टेबलापाशी येऊन ‘कॅन आय हॅव अ वर्ड?’ म्हणतात, तेव्हा त्या एका शब्दात पुष्कळ काही शिजत असतं. ‘हॅव अ वर्ड’ म्हणजे बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगणं, आपल्याकडचं ‘समज देणं’ याच्या अगदी जवळचं. त्यातला ‘अ’ काढला आणि ‘वर्ड’चं अनेकवचन केलं की ‘हॅव वर्ड्ज’ होतं. त्याचा अर्थ भांडण, शब्दाला शब्द लागणं. आणि ‘गिव्ह माय वर्ड’ म्हणजे वचन देणं. एका शब्दाच्या एकवचन-अनेकवचनावर समज आणि कडाक्याचं भांडण यांतला फरक टांगलेला आहे. ईमेल लिहिताना तो ‘एस’ राहून गेला किंवा चुकून लागला, तर भलताच निरोप पोचतो.

त्याहून मोठा अपघात ‘फायर’चा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत ‘बॉसनं आज जाम फायर केलं’ म्हणजे बॉसनं झापलं. ‘फायरिंग मिळालं’ हाही रोजचा प्रयोग. आपल्यात बोलताना अर्थ पक्का असतो, कुणाचा गोंधळ होत नाही. पण ‘माय बॉस फायर्ड मी टुडे’ हे वाक्य परदेशातल्या माणसाला गेलं तर तो हळहळून विचारेल, आता नवी नोकरी कुठे बघतोस? तिकडे ‘फायर’ म्हणजे नोकरीवरून काढणं, दुसरं काही नाही. झापलं असं म्हणायचं असेल तर ब्रिटिश कानाला ‘टोल्ड मी ऑफ’ आणि अमेरिकन कानाला ‘च्यूड मी आउट’ बरोबर लागतं. दोन्ही बोलण्यातले आहेत, अर्जात लिहायचे नाहीत.

‘टेल ऑफ’ची घडण बघण्यासारखी आहे. यातला ‘टेल’ सांगण्याचा नव्हे, मोजण्याचा आहे; बँकेत नोटा मोजणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात तोच हा. सैन्यात रांगेतून माणसं मोजून कामाला लावत, त्याला ‘टोल्ड ऑफ’ म्हणत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला रागावण्याचा अर्थ आला. आपण ‘हजेरी घेतली’ म्हणतो तेव्हा अगदी याच वाटेने गेलेलो असतो. दोन्हीकडे माणूस रांगेत उभा आहे, त्याचं नाव पुकारलं जातं, आणि नाव पुकारणं हाच दणका आहे. या जोडीचा ‘टिक ऑफ’ मात्र जपून वापरावा. ब्रिटनमध्ये ‘टिक्ड हिम ऑफ’ म्हणजे त्याला जरा दटावलं. अमेरिकेत म्हणजे त्याला राग आणला, त्याचं डोकं फिरवलं. एकाच वाक्यात राग कुणाला आला याची बाजू उलटते. वाचणारे दोन्ही देशांतले असतील तर हा शब्द टाळलेलाच बरा.

कानाच्या बाबतीत दोन्ही भाषांचं फार जवळचं नातं आहे, आणि तिथेच एक सुंदर फरकही आहे. ‘गेट अ‍ॅन इअरफुल’ म्हणजे कान भरून बोलणी खाणं. आपण ‘कान भरले’ म्हटलं तर तो चुगलीचा मामला. बोलणी देणाऱ्याला आपण कानउघाडणी करायला लावतो: कान बंद होता, तो उघडला. कानपिचक्या, कान टोचणं, कान पिळणं, सगळं त्याच दिशेचं. इंग्रजी बोलणी कानात ओततं. मराठीला कानातला बोळा काढायचा असतो. म्हणून ‘कानउघाडणी’ला ‘इअरफुल’ बरोबर बसत नाही. कानउघाडणीत समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा असते, इअरफुलमध्ये ती असेलच असं नाही. ‘अ गुड टॉकिंग-टू’ त्याच्या जास्त जवळ जातं. आणि फार स्पष्ट, कडक शब्दांत, पण भल्यासाठी सुनावायचं असेल तर ‘टॉक लाइक अ डच अंकल’ असा जुना प्रयोग आहे.

चामडीचे शब्द मात्र दोन्ही भाषांत जुळ्या भावंडांसारखे आहेत. ‘खरडपट्टी काढणं’ हे इंग्रजी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या बोलीत ‘टेअर अ स्ट्रिप ऑफ’ आलं, म्हणजे शब्दशः पट्टी सोलून काढणं. ‘सालटं काढणं’ याला लॅटिनमधून आलेला ‘एक्स्कोरिएट’ आहे. त्याच्या पोटातला ‘कोरिअम’ म्हणजे कातडं. ‘ड्रेसिंग-डाउन’मध्ये कातडं कमावणं आणि दगड घडवणं या अर्थांचा ‘ड्रेस’ आहे, कपड्यांचा नाही. आपलं ‘तासणं’ त्याच्या शेजारचं. ‘रिब्यूक’चं मूळ फ्रेंचात लाकूड तोडण्याशी जोडतात, म्हणजे घाव घालून मागे हटवणं. ‘लँबेस्ट’मध्ये तर मारण्याची दोन क्रियापदं एकावर एक रचली आहेत. बोलण्याने माणसाला लागतं हे दोन्ही समाजांना चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच हत्यारंही सारखीच निवडली.

यातल्या कोणत्या शब्दाला केवढा आवाज, तेही सांगायला हवं. ‘चाइड’ सर्वांत हलका. लटक्या रागालाही चालतो. ‘रीप्रूव्ह’ शांत आणि जुन्या वळणाचा. ‘रिब्यूक’ छोटा, धारदार आणि पुष्कळदा जाहीर. एका वाक्यात संपतो. ‘अपब्रेड’मध्ये केलेल्या चुकांचा पाढा वाचणं आहे. ‘बिरेट’ लांबतो, चढ्या आवाजात चालतो आणि ऐकणाऱ्याला तो जास्तीचा वाटतो. ‘लँबेस्ट’ आणि ‘एक्स्कोरिएट’ बहुतेक वेळा छापील किंवा जाहीर टीकेसाठी. कुणी स्वयंपाकघरात कुणाला ‘एक्स्कोरिएट’ करत नाही. ‘कॅस्टिगेट’ कठोर आणि औपचारिक. त्यातला ‘कास्टस’ म्हणजे शुद्ध, म्हणजे दोष काढून माणसाला स्वच्छ करण्याची कल्पना. आपल्या ‘शिक्षा’ या शब्दाचंही तसंच झालं. मुळात ती शिकवण होती, नंतर दंड झाली.

या उतरंडीचा रोजच्या जगण्यात उपयोग होतो, तो तक्रार लिहिताना. समजा टीमसमोर वरिष्ठांनी दहा मिनिटं आरडाओरडा केला आणि त्याबद्दल इंग्रजीत तक्रार द्यायची आहे. घाईत ‘ही रेप्रिमांडेड मी’ लिहिलं जातं, कारण तो शब्द भारदस्त वाटतो. पण ‘रेप्रिमांड’मध्ये दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: बोलणाऱ्याला बोलण्याचा अधिकार होता, आणि तुमच्याकडून काही चूक झाली होती. म्हणजे तक्रारीच्या पहिल्याच ओळीत समोरच्याची बाजू आपणच मांडून बसतो. तिथे ‘बिरेटेड मी इन फ्रंट ऑफ द टीम’ लिहायला हवं, कारण ‘बिरेट’ अतिरेक सांगतो. उलट, खरोखरच चूक होती आणि साहेबांनी रीतसर कळवलं, हे प्रामाणिकपणे नोंदवायचं असेल तर ‘रेप्रिमांड’ योग्य. ‘ह्युमिलिएट’ लगेच लिहू नये. तो परिणाम सांगतो, कृती सांगत नाही. आधी कृती लिहावी: काय शब्द वापरले, किती वाजता, किती जण हजर होते. अशा कागदात क्रियापद हा अर्धा पुरावा असतो.

‘ऑन द कार्पेट’चा इतिहास थोडक्यात. कार्पेट पूर्वी जमिनीवर नाही, टेबलावर पसरत, आणि ‘ऑन द कार्पेट’ म्हणजे चर्चेला आलेला विषय. पुढे मालकाच्या खोलीतल्या गालिच्यावर नोकराला बोलावून घेत, तेव्हा त्याला ‘वॉक द कार्पेट’ म्हणू लागले. आज ब्रिटनमध्ये ‘टू कार्पेट समवन’ असं क्रियापदही आहे. बोलावून घेणं हा त्यातला गाभा. साहेब तुमच्या टेबलाशी आले तर ते ‘कार्पेट’ नव्हे.

‘रीड द रायट अ‍ॅक्ट’ हा मात्र नेहमी चुकीच्या जागी पडतो, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. हा खराखुरा कायदा होता. १७१४ सालचा म्हणून ओळखला जाणारा रायट अ‍ॅक्ट १ ऑगस्ट १७१५ पासून अमलात आला. बारा किंवा त्याहून जास्त माणसं दंगा करत जमली असतील तर दंडाधिकाऱ्याने पुढे होऊन ठरलेला जाहीरनामा मोठ्याने वाचायचा. वाचून झाल्यावर एक तासाची मुदत. त्या तासानंतर जे तिथेच राहतील त्यांचा गुन्हा देहदंडापर्यंत जाई. मजकूर जसाच्या तसा वाचावा लागे, शेवटी ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणावं लागे. ते शब्द गाळले म्हणून खटला टिकला नाही, असंही घडलं आहे. तो कायदा १९७३ साली रद्द झाला, पण वाक्प्रचार राहिला, आणि त्या एका तासाचा अर्थही त्यात राहिला. गेल्या महिन्यात झालेल्या चुकीबद्दल कुणी ‘रायट अ‍ॅक्ट’ वाचत नाही. दंगा चालू असताना ‘आत्ता थांबला नाहीत तर बघा’ हे सांगण्यासाठी तो आहे. वसतिगृहात मध्यरात्री गोंधळ घालणाऱ्या मुलांना रेक्टर जे ऐकवतात, तो ‘रायट अ‍ॅक्ट’. मराठीत त्याला ‘तंबी देणं’ किंवा ‘सज्जड दम भरणं’ बसतं, ‘खरडपट्टी’ बसत नाही.

आता कागदाकडे. इथे ‘रेप्रिमांड’ आणि ‘सेन्शर’ हे दोन शब्द मुख्य. दुसऱ्याचा उच्चार ‘सेन्शर’. देवनागरीत तो ‘सेन्सॉर’च्या इतका जवळ दिसतो की छापील मजकुरात एकाच्या जागी दुसरा पडतो. मूळ एकच: रोममधला ‘सेन्सॉर’ हा अधिकारी नागरिकांची गणतीही करी आणि त्यांच्या वर्तनावर ठपकाही ठेवी. इंग्रजीत येताना मात्र फांद्या फुटल्या. ‘सेन्सॉर’ करणं म्हणजे मजकूर कापणं, आणि ‘सेन्शर’ करणं म्हणजे ठपका ठेवणं. आपल्याकडचा ‘ठपका’ हा त्याला नेमका शब्द आहे आणि तो नुसता बोलण्यातला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये किरकोळ शिक्षांच्या यादीत पहिलीच शिक्षा ठपक्याची आहे. साधी ‘ताकीद’ त्या यादीत नाही. म्हणून सरकारी पत्राचं इंग्रजी करताना ताकीद म्हणजे ‘वॉर्निंग’ आणि ठपका म्हणजे ‘सेन्शर’ हे काटेकोर पाळावं लागतं. एकाच्या जागी दुसरा शब्द घातला तर कर्मचाऱ्याला शिक्षा झाली की नाही, हेच बदलून जातं.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात या दोन शब्दांमध्ये किती पावलांचं अंतर आहे तेही ठरलेलं आहे. ‘सेन्शर’ झाला तर सदस्याला सभागृहाच्या मधोमध, सभापतींच्या आसनापुढे उभं राहून ठराव ऐकावा लागतो. ‘रेप्रिमांड’ त्याखालची पायरी; तिथे मधोमध जाऊन उभं राहण्याची नामुष्की नाही. २१ जानेवारी १९९७ रोजी खुद्द सभापती न्यूट गिंग्रिच यांना ३९५ विरुद्ध २८ मतांनी ‘रेप्रिमांड’ झाला आणि ३ लाख डॉलर भरावे लागले. वरच्या सभागृहात २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटर जोसेफ मकार्थी यांच्या विरोधात ६७ विरुद्ध २२ मतं पडली. इतिहास त्याला ‘सेन्शर’ म्हणतो, पण मंजूर झालेल्या ठरावात ‘कंडेम्ड’ हा शब्द आहे.

आपल्या लोकसभेतही अशी वेळ आली आहे. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांना आचार्य कृपलानी यांच्याबद्दलच्या मजकुरावरून ऑगस्ट १९६१ मध्ये सभागृहाच्या कठड्यापाशी उभं करून ‘रेप्रिमांड’ देण्यात आला. आवाज चढवायची गरजच नव्हती. कठडा, उभं राहणं आणि नोंद, या तिन्हींनी काम केलं.

क्रिकेट बघणाऱ्यांनी तर हा शब्द शेकडो वेळा ऐकलेला असतो. आयसीसीच्या आचारसंहितेत पहिल्या पातळीच्या गुन्ह्याला किमान शिक्षा ‘ऑफिशियल रेप्रिमांड’ आणि कमाल शिक्षा सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंड. सोबत एक किंवा दोन डिमेरिट गुण. २४ महिन्यांत असे चार गुण साठले की खेळाडू सामन्याला मुकतो. मराठी बातमीत त्याचं ‘आयसीसीने फटकारले’ होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी खेळाडूला खोलीत बोलावून ओरडलं असणार. प्रत्यक्षात तो दोन वर्षं हिशेबात राहणारा कागद आहे. ‘ताकीद देऊन नोंद केली’ असं लिहिलं तर बातमी खरी होते.

न्यायालयाच्या बातम्यांत हा फरक सर्वांत जास्त जपायला हवा. ‘पुल्स अप’, ‘रॅप्स’, ‘स्लॅम्स’ हे इंग्रजी मथळ्यांचे शब्द जागा वाचवण्यासाठी आलेले आहेत, आणि आपले ‘झापले’, ‘फटकारले’, ‘खडे बोल सुनावले’ त्यांच्या मागोमाग येतात. सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती तोंडी जे बोलतात त्याला हे शब्द एक वेळ चालतील. पण ‘ताशेरे’ म्हणजे ‘स्ट्रिक्चर्स’, आणि ते लेखी आदेशात असतात. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल तोंडी काढलेल्या अतिशय तिखट उद्गारांविरुद्ध आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की ते उद्गार कठोर होते, पण ते अभिलेखाचा भागच नाहीत, त्यामुळे वगळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. बोललेलं हवेत गेलं. जे लिहिलं नाही ते खोडणार कुठून? तोंडी शेऱ्याला ‘ताशेरे ओढले’ म्हणणारी बातमी म्हणूनच चुकीची असते, भाषेने आणि कायद्यानेही.

या सगळ्या आवाजी आणि कागदी शब्दांच्या बाजूला दोन शब्द शांत उभे आहेत. एक ‘रिप्रोच’. याला आवाज लागतच नाही; ‘अ लुक ऑफ रिप्रोच’ म्हणजे नुसती नजर पुरते. शिवाय हा शब्द खालून वरही जातो. मूल बापाला ‘रेप्रिमांड’ करू शकत नाही, पण ‘रिप्रोच’ करू शकतं: तुम्ही येणार म्हणाला होतात, आला नाहीत. आपल्याकडे याला ‘बोल लावणं’ म्हणतात, आणि ते स्वतःलाही लावता येतात.

दुसरा ‘अ‍ॅडमॉनिश’. लॅटिन ‘मोनेरे’ म्हणजे आठवण करून देणं, सावध करणं. त्यातून तो आला, म्हणून त्याच्यामागे ‘टू’ लावून पुढे काय करावं तेही सांगता येतं: ‘अ‍ॅडमॉनिश्ड देम टू बी केअरफुल’. ‘स्कोल्ड’ आणि ‘रेप्रिमांड’ यांना ही सोय नाही. ते ‘फॉर’ घेतात आणि मागे बघतात. पोलीस पोरांना समज देऊन सोडतात तेव्हा इंग्रजीत ‘लेट ऑफ विथ अ वॉर्निंग’ चालतंच, पण ‘समज देणं’ यातला चांगुलपणा ‘अ‍ॅडमॉनिश’मध्येच जास्त उतरतो. त्याच ‘मोनेरे’पासून ‘मॉनिटर’ झाला. आपल्या शाळांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाई वर्गाबाहेर गेल्या की तो खडू घेऊन फळ्याशी उभा राहतो, ‘बोलणाऱ्यांची नावे’ असं वर लिहितो, खाली रेघ मारतो आणि वर्गाकडे बघतो. तिथवर ती आठवण असते. पहिलं नाव फळ्यावर पडलं की नोंद होते, आणि मग बाईंची पावलं वाजायच्या आत ते पुसून घेण्यासाठी सगळा वर्ग त्याची मनधरणी करू लागतो.